उतारा वाचण्याआधीची पाच मिनिटे

खालचा परिच्छेद एकदाच, नेहमीच्या वेगाने वाचा. मागे जाऊन पुन्हा वाचू नका.

हे काम तसे सोपे आहे आणि पुष्कळ घरांत रोज होते. आधी पुरेसे तापवून घ्यावे लागते, पण तापवल्यावर लगेच पुढची पायरी घ्यायची नाही. किती थांबायचे ते बोटाला कळते. घाई केली तर सगळे बिघडते आणि फार उशीर केला तर काही घडतच नाही. मागच्या वेळचे थोडेसे राखून ठेवलेले असले तर बरे; नसले तर शेजारी मागायला संकोच नको. ते जास्त पडले तर परिणाम लवकर दिसतो, पण मग जेवताना तक्रारी येतात. एकदा सगळे जुळवून ठेवले की हलवायचे नाही. हिवाळ्यात जास्त धीर धरावा लागतो. काही जण तेव्हा ऊब देतात. जमले की नाही ते सकाळी कळते, आणि जमले असेल तर पुढच्या वेळेसाठी थोडे बाजूला काढायला विसरू नये.

आता पुस्तक मिटून, यातले किती मुद्दे आठवतात ते कागदावर लिहून पाहा. चाणाक्ष वाचकाने मध्येच ओळखले असेलही, पण बहुतेकांची अवस्था धुक्यातून चालल्यासारखी होते. परिच्छेदात एकही शब्द अवघड नाही. सातवीच्या मुलाला न कळण्याजोगे एकही वाक्य नाही. तरीही संपूर्ण परिच्छेद हाताला लागत नाही. याचे शीर्षक आहे 'दही लावणे'. शीर्षक कळल्यावर पुन्हा वाचा. बोटाला काय कळते, शेजारी काय मागायचे, तक्रारी कसल्या, हे सगळे आपोआप जागेवर बसते.

हा नुसता करमणुकीचा खेळ नाही. १९७२ साली जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शा जॉन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असाच एक परिच्छेद घेऊन प्रयोग केला. त्यांचा परिच्छेद कपडे धुण्याविषयी होता, पण 'कपडे' किंवा 'धुणे' हे शब्द त्यात येऊ दिले नव्हते. तो तीन गटांना वाचून दाखवला. एका गटाला विषय आधी सांगितला, दुसऱ्याला ऐकून झाल्यावर सांगितला आणि तिसऱ्याला सांगितलाच नाही. नंतर आठवेल तेवढे लिहायला दिले. एकूण १८ मुद्द्यांपैकी विषय आधी कळलेल्यांना सरासरी सुमारे ६ मुद्दे आठवले. ज्यांना विषय कळलाच नाही त्यांना ३ हूनही कमी. इथपर्यंत नवल वाटण्यासारखे काही नाही. खरी गोष्ट दुसऱ्या गटाची आहे. विषय नंतर सांगितलेल्यांनाही ३ हून कमीच मुद्दे आठवले. त्यांना नंतर मिळालेल्या माहितीचा काडीचाही उपयोग झाला नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. वाचताना आपण शब्द आधी साठवतो आणि मग सावकाश त्यांचा अर्थ लावतो, असे होत नाही. प्रत्येक वाक्य आत येता येताच कुठेतरी टांगावे लागते. त्या क्षणी भिंतीला खुंटी नसेल तर ते खाली पडते, आणि मागाहून ठोकलेल्या खुंटीवर टांगायला काही उरत नाही. म्हणून उताऱ्याचा तास कसा सुरू करावा हा प्रश्न वर्गात उत्साह कसा आणावा एवढ्यापुरता नाही. उतारा संपल्यावर पंधरा मिनिटे केलेले सुंदर स्पष्टीकरण पहिल्या पाच मिनिटांची उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

आपल्या अध्यापक विद्यालयांत ही गोष्ट माहीत नव्हती असे मुळीच नाही. हर्बार्टच्या नावाने चालत आलेली पंचपदी, पूर्वज्ञानाची जागृती, प्रस्तावना, हेतुकथन हे सारे पाठाच्या टाचणात आपण लिहीत आलो आहोत. परंतु प्रत्यक्षात प्रस्तावनेचे काय होते? 'रात्री आकाशात काय काय दिसते?' मुले म्हणतात, तारे. 'आणखी काय?' ग्रह. 'आणखी?' शेवटी कोणीतरी 'चंद्र' म्हणतो आणि गुरुजी सुटकेचा श्वास टाकून म्हणतात, 'शाबास! तर आज आपण चंद्राविषयीचा उतारा वाचणार आहोत.' तेरा वर्षांची मुले हा खेळ केव्हाच ओळखून बसलेली असतात. गुरुजींच्या मनातला शब्द हुडकून काढायचा, की प्रस्तावना संपली. यातून मुलाच्या मनात विषयाचे नाव तेवढे येते. पण पुढे जे वाचायचे त्यातून आपल्याला काय शोधायचे आहे, हे येत नाही.

पूर्वज्ञानाचे वजन किती असते हे दाखवणारा एक प्रयोग नेमका आपल्या मुलांच्या वयाचा आहे. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतील सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्यातील अर्ध्या डावाचे वर्णन वाचायला दिले. या मुलांचे चार गट होते : वाचन चांगले आणि खेळाची माहिती भरपूर, वाचन चांगले पण खेळाची माहिती नाही, वाचन कच्चे पण खेळात मुरलेले, आणि दोन्ही बाजूंनी कच्चे. वाचून झाल्यावर मुलांनी मैदानाच्या लाकडी प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून काय घडले ते दाखवायचे होते, शिवाय तोंडी सांगायचे आणि सारांशही द्यायचा होता. निकाल असा, की वाचनात कच्चे पण खेळ जाणणारे विद्यार्थी हे वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेले.

आपल्याकडे बेसबॉलऐवजी कबड्डी घ्या. 'त्याने बोनस रेषा ओलांडली खरी, पण समोर पाचच गडी उरले होते.' या वाक्यातला प्रत्येक शब्द प्रथम क्रमांकाच्या विद्यार्थ्याला वाचता येईल. परंतु त्याला गुण मिळाला की नाही, हे मागच्या बाकावरचा कबड्डीपटू क्षणात सांगेल. मैदानात सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो, हे त्याला वाक्यात लिहिलेले नसतानाही दिसते. आकलन म्हणजे बरेचसे हेच : न लिहिलेले वाचणे. ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात आपण 'वाचन आकलन कच्चे' असा शेरा मारतो, त्याचे वाचन कच्चे आहे की उताऱ्याचा विषय त्याच्या जगाबाहेरचा आहे, हे आपण क्वचितच तपासतो. पाच-सहा वर्षे असा शेरा वाचत आलेले मूल आठवीत पोचेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू लागते, आणि मग पुस्तक उघडायच्या आधीच ते हरलेले असते.

जग वेगळे असले की हुशार, शिकलेल्या प्रौढांचेही असेच होते. १९७९ साली मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी लग्नाचे वर्णन करणारी दोन पत्रे तयार केली, एक भारतीय लग्नाचे आणि एक अमेरिकन लग्नाचे. दोन्ही देशांच्या वाचकांनी दोन्ही पत्रे वाचली. आपल्या पद्धतीच्या लग्नाचे पत्र प्रत्येकाने जलद वाचले आणि ते त्याच्या जास्त लक्षात राहिले. परक्या लग्नाच्या पत्रात मात्र गमतीदार चुका झाल्या. अमेरिकन वधूने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे हा अभिमानाचा वारसा. एका भारतीय वाचकाने मात्र पोशाख जुनाट असल्याची खंत नोंदवली. अमेरिकन वाचकांना आपल्याकडच्या देण्याघेण्याच्या बोलण्यांतला ताण दिसला नाही. त्यांना त्या प्रेमाच्या भेटी वाटल्या. शब्द सर्वांना कळले होते. खुंट्या वेगवेगळ्या होत्या.

मग सुरुवात करायची कशी? 'रंजक' हा शब्द इथे घात करतो. वर्गाचे लक्ष वेधायला आपण एखादा चमकदार किस्सा सांगतो, मुले खूश होतात आणि आपल्याला वाटते, काम झाले. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ साली याची परीक्षा घेतली. आकाशातली वीज कशी तयार होते हे समजावणाऱ्या पाठात त्यांनी वीज अंगावर पडलेल्या माणसांच्या वगैरे चित्तवेधक हकिकती घातल्या. त्या हकिकतींमुळे मुख्य प्रक्रिया कमी लक्षात राहिली आणि त्यावर आधारित प्रश्नही कमी सुटले. त्यातही याच हकिकती पाठाच्या सुरुवातीला आल्या तेव्हा नुकसान अधिक झाले, शेवटी आल्या तेव्हा कमी. कारण उघड आहे. सुरुवातीचा किस्सा स्वतःच खुंटी होऊन बसतो आणि पुढचा सगळा पाठ वाचक 'विजेने माणसांचे काय होते' या खुंटीवर टांगू पाहतो.

लोणारचे उदाहरण घेऊन हे अधिक नीट पाहू. समजा, आठवीच्या वर्गात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी दीड पानांचा उतारा आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात आहे, ते अशनी आदळून झाले आणि याचे पुरावे कोणते, असा उताऱ्याचा गाभा आहे. सुरुवात लवणासुराच्या कथेने करण्याचा मोह कोणालाही होईल. विष्णूने तरुणाचे रूप घेऊन त्या दैत्याला मारले, गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर आहे, मुले कान टवकारून ऐकतील. पण मग उतारा वाचून झाल्यावर 'विवर कसे तयार झाले?' असे विचारले की अर्धा वर्ग दैत्याकडे वळतो. कथा जरूर सांगावी, पण तासाच्या शेवटी. तीच गोष्ट २०२० सालच्या जून महिन्यात गुलाबी झालेल्या पाण्याच्या छायाचित्राची. उतारा खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर असेल तर याहून सरस सुरुवात नाही, कारण तो रंग त्यांच्यामुळेच आला होता. उतारा विवराच्या जन्मावर असेल तर तेच छायाचित्र वाट चुकवते. साधन चांगले की वाईट हे साधनावरून ठरत नाही, पुढे काय वाचायचे आहे त्यावरून ठरते.

विवराच्या उताऱ्यासाठी मी एक मोठे ताट, किलोभर पीठ किंवा चाळलेली राख, मूठभर रंगीत रांगोळी आणि एक गोटी मागेन. ताटात पिठाचा चार बोटे थर, त्यावर रांगोळीचा पातळ थर. डोक्याच्या उंचीवरून गोटी सोडायची. खड्डा गोटीपेक्षा मोठा होतो, कडेला पीठ उचलले जाऊन वळी तयार होते आणि आतले पांढरे पीठ रांगोळीवर चौफेर उडते. हे दाखवायला दोन मिनिटे पुरतात. आता बोटाने गोटी बाहेर काढायची आणि विचारायचे : 'गोटी पिठातच सापडली. लोणारला आदळलेला दगड का सापडत नाही?' थोडे थांबून दुसरा प्रश्न : 'तो पडताना पाहायला कोणी नव्हते. भोवतालचा सगळा खडक तर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. मग हे ज्वालामुखीचेच तोंड नाही कशावरून?'

आपल्याकडच्या बहुतेक मुलांना 'लोणार उल्केमुळे झाले' हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून पाठ असते. म्हणून 'लोणार कसे झाले?' हा प्रश्न निकामी आहे. उत्तर वाचण्याआधीच तयार आहे. 'कशावरून?' म्हटले की तेच पाठ असलेले उत्तर डळमळते आणि वर्गात खरी कुजबुज सुरू होते. या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने द्यायचे नाही, ते उताऱ्यात आहे. तेथील खडकात असे एक काचेसारखे द्रव्य सापडते, की जे फेल्डस्पार या खनिजावर आघाताचा प्रचंड दाब आल्यावरच तयार होते. ज्वालामुखीत तेवढा दाब येत नाही. हा पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. आणि दगड सापडत नाही, कारण सेकंदाला काही किलोमीटर या वेगाने आदळलेला दगड गोटीसारखा रुतत नाही, त्या आघातात तो स्वतः बव्हंशी वितळून, वाफ होऊन, विखरून जातो. पिठाचा प्रयोग जिथे लंगडा पडतो तिथेच उतारा सुरू होतो. चांगल्या सुरुवातीची माझी कसोटी एवढीच : ती संपल्यावर मुलाच्या मनात असा प्रश्न उरावा, की ज्याचे उत्तर फक्त त्या उताऱ्यातच मिळेल.

दर वेळी ताट आणि पीठ जमणार नाही. कधी फळ्यावर उताऱ्यातले सहा शब्द लिहावेत : बेसाल्ट, काच, दाब, चंद्र, खारे, कडा. यातले कोणते दोन एकाच वाक्यात येतील असे वाटते, ते प्रत्येकाने ठरवायचे. लोणारमध्ये चंद्राचे काय काम, हा खडा मनात टोचत राहतो आणि मुले तो शब्द शोधत वाचतात. (चंद्रावरच्या मैदानी भागांतही बेसाल्टच आहे, त्यामुळे तिथली विवरे समजून घ्यायला लोणार उपयोगी पडते.) हे 'नवीन शब्दांचे अर्थ' लिहून देण्यापेक्षा वेगळे आहे. पंधरा शब्दांचे अर्थ फळ्यावरून उतरवून घेण्यात वर्ग थकतो, आणि त्यातल्या दहा शब्दांचा अर्थ वाक्यातूनच लागणार असतो. ज्या एक-दोन शब्दांवाचून गाडी अडेल तेवढेच आधी सांगावेत.

दुसरी एक युक्ती वाचणाऱ्याची भूमिका बदलण्याची. तिच्यामागेही प्रयोग आहे. जेम्स पिचर्ट आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७७-७८ च्या सुमारास शाळा बुडवून घरी आलेल्या दोन मुलांची गोष्ट काही जणांना चोराच्या, तर काहींना घर विकत घेणाऱ्याच्या नजरेने वाचायला दिली. चोराला किमती वस्तू लक्षात राहिल्या, गिऱ्हाइकाला गळके छप्पर. नवल पुढेच आहे : नंतर भूमिका बदलून पुन्हा आठवायला सांगितले तेव्हा, पुन्हा न वाचताही, आधी न सांगितलेले तपशील काही प्रमाणात बाहेर आले. वर्गात वटवाघळांवरचा उतारा अर्ध्या मुलांनी चिकूच्या बागेचा मालक म्हणून आणि अर्ध्यांनी वनस्पतींचा अभ्यासक म्हणून वाचावा. एकाला फळांची नासाडी दिसेल, दुसऱ्याला बियांचा प्रसार आणि परागण. मग जोड्या लावून वाद घालू द्यावा, मात्र प्रत्येक मुद्द्याला उताऱ्यातली ओळ दाखवायची.

फळ्यावर तीन रकाने आखण्याची पद्धत अलीकडे अनेक शिक्षकांना ठाऊक आहे : काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे, काय कळले. डोना ओगल यांनी १९८६ मध्ये ती मांडली. पद्धत चांगली, पण पहिल्या रकान्यात वर्गातले सगळे गैरसमज ठळक अक्षरांत जमा होतात आणि तास संपेपर्यंत फळ्यावरून मुलांकडे पाहत राहतात. दुसऱ्या रकान्यात 'काही नाही' एवढेच प्रामाणिक उत्तर येण्याचीही तयारी ठेवावी. मी पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढायला सांगतो. मग ते वाक्य ज्ञान न राहता अंदाज होते.

या वयाच्या मुलांबाबत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. तिसरी-चौथीचे मूल चुकीचे उत्तर देण्यासाठीही हात वर करते. तेरा-चौदाव्या वर्षी चार मित्रांसमोर चुकणे हे उत्तर न येण्यापेक्षा भयंकर वाटते. 'सांगा पाहू, पुढे काय असेल?' असे विचारले की तेच तिघे-चौघे बोलतात आणि बाकीचा वर्ग त्यांचे अंदाज उसने घेतो. म्हणून अंदाज चिठ्ठीवर, एका वाक्यात आणि कारणासह लिहून घ्यावा. चिठ्ठी गोळा करायची नाही, तिला गुण नाहीत, ती पुस्तकातच राहते. शुद्धलेखनही पाहायचे नाही. आणि या सगळ्याला पाच, फार तर सात मिनिटे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत वीस मिनिटांची प्रस्तावना झाली तर मुलांनी वाचायचे केव्हा? कित्येकदा तर प्रस्तावनेतच शिक्षक उताऱ्याचा सारांश सांगून टाकतात. ज्याचे उत्तर कळले आहे ते वाचण्याचे कष्ट शहाणे मूल घेत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

वाचून झाल्यावर त्या चिठ्ठीकडे परत यावेच लागते, नाहीतर पुढच्या वेळी कोणी मनापासून अंदाज लिहिणार नाही. अंदाज बरोबर ठरला की चुकला ते लिहायचे आणि ज्या वाक्याने तो ठरवला त्याचा परिच्छेद व ओळ शेजारी नोंदवायची. गंमत अशी, की ज्यांचा अंदाज पूर्ण चुकला त्यांच्याकडे लिहिण्यासारखे सर्वांत जास्त असते, कारण आपले मत नेमके कुठे फिरले ते त्यांना सापडलेले असते.

एक रास्त शंका उरते. परीक्षेतल्या अपठित उताऱ्याला कोण प्रस्तावना करणार? तिथे ताट नाही, गोटी नाही, शिक्षकही नाही. म्हणून वर्षाच्या मध्यापासून सुरुवात करण्याचे काम हळूहळू मुलांकडे सोपवावे. उताऱ्याचे शीर्षक आणि पहिले वाक्य तेवढे वाचू द्यावे, बाकीचा भाग वहीने झाकायचा, आणि दोन मिनिटांत प्रत्येकाने स्वतःचा एक 'कशावरून?' किंवा 'कसे काय?' लिहायचा. सुरुवातीला प्रश्न पोकळ येतात : 'लेखकाने काय सांगितले आहे?' या छापाचे. असे दोन-तीन प्रश्न नाव न घेता फळ्यावर लिहून, ते टोकदार कसे करता येतील हे वर्गालाच विचारावे. सातवीला हे महिन्यातून दोनदा पुरे. नववीपर्यंत प्रत्येक उताऱ्याला करावे, आणि शीर्षक नसलेला उतारा आला तर पहिला परिच्छेद वाचून तात्पुरते शीर्षक पेन्सिलीने द्यायला शिकवावे. पेन्सिलीने अशासाठी, की तिसऱ्या परिच्छेदापर्यंत ते खोडावे लागण्याचा संभव असतो.